मुंबई हे बेट नव्हे!

दिवाळीचा अंक हाती आला की मी आधी अनुक्रमणिका उघडतो आणि तीत मुंबईवरचा लेख शोधतो. तो असतोच. कधी तो गिरगावातल्या चाळीवर असतो, कधी इराण्याच्या हॉटेलावर, कधी लोकलगाडीतल्या चौथ्या सीटवर, आणि कधी एखाद्या विद्वानाने मुंबईचा साद्यंत इतिहास-भूगोलच चार फर्म्यांत कोंबलेला असतो. हे सारे लेख मी चवीने वाचतो. चकली कुरकुरीत असली म्हणजे ती कोणाच्या घरची, हे विचारू नये. मराठी दिवाळी अंक ही वस्तूच मुळी मुंबईची. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला तो तिथेच. त्या शहराने आपल्या अंगणातली रांगोळी आपल्याच ओसरीची काढली, तर त्यात रागावण्यासारखे काही नाही.

माझे भांडण एका वाक्याशी आहे. ते वाक्य या लेखांतून वेगवेगळ्या वेषांत हिंडत असते. एकदा ते भूगोलाच्या वेषात येते: ‘मुंबई हे एक बेट आहे.’ एकदा ते अभिमानाच्या वेषात येते: ‘मुंबई स्वतःच्या हिमतीवर उभी राहिली.’ आणि तिसऱ्या खेपेला ते हिशेबनिसाचा चष्मा लावून येते: ‘मुंबई उरलेल्या महाराष्ट्राला पोसते.’ वेष तीन असले तरी माणूस एकच आहे, आणि तो माणूस खोटे बोलतो, असे माझे म्हणणे आहे.

मी चंद्रपूरचा. तीसएक वर्षे मी शाळेत भूगोल शिकवला. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम ही सात नावे मी दरवर्षी पोरांकडून घोकून घेत असे. त्यांतल्या बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नव्हता. एटापल्लीकडून आलेल्या एका मुलाने ‘खाडी म्हणजे काय’ असे विचारले, तेव्हा ‘नदीच्या तोंडातून समुद्र आत शिरतो ती’ असे सांगून मी वेळ मारून नेली होती. समुद्र न पाहता त्याने सात बेटे पाठ केली, परीक्षेत लिहिली, गुण मिळवले. उलट प्रश्न मी वाचकांना विचारतो. वर्धा, वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती, पर्लकोटा, पामुलगौतम, गोदावरी. याही सातच. याही महाराष्ट्राच्याच नकाशावर आहेत. दादर-पार्ल्याच्या किती घरांत ही सात नावे ओळीने येतात? एका लग्नात शेजारच्या पानावरच्या सुविद्य गृहस्थांनी मला विचारले होते, “चंद्रपूर म्हणजे छत्तीसगडातलं ना?” मी म्हटले, “नाही, अजून नाही.” त्यांना विनोद कळला नाही. त्यांनी जिलबी मागितली.

तर आधी भूगोल. मुंबई पूर्वी सात बेटांची होती, हे खरे. ती बेटेसुद्धा नीट सुटी नव्हती. भरतीला सुटी आणि ओहोटीला चिखलाने जोडलेली, अशी त्यांची तऱ्हा. कोळ्यांची ती वस्ती, मुंबादेवी त्यांची आई. गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने १५३४ साली वसईबरोबर ही बेटे पोर्तुगीजांना दिली. १६६१ मध्ये पोर्तुगालच्या राजकन्येचे इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी लग्न ठरले आणि बेटे आंदणात गेली. प्रत्यक्ष ताबा मिळायला १६६५ उजाडले आणि १६६८ साली राजाने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला देऊन टाकली. जावयाला आंदण नकोसे झाले, असा प्रकार कुठल्या मराठी घराला परका आहे?

मग सुरू झाले बुजवणे. वरळी आणि महालक्ष्मी यांच्यामधल्या खिंडारातून समुद्र आत घुसे आणि आजचे निम्मे शहर भरतीला पाण्याखाली जाई. गव्हर्नर हॉर्नबीने तिथे बांध घातला. तो १७८४ च्या सुमारास पुरा झाला. विलायतच्या मालकांची परवानगी नसताना त्याने काम रेटले, असे सांगतात. बांध पुनःपुन्हा ढासळे, तेव्हा रामजी शिवजी नावाच्या पाठारे प्रभू स्थापत्यकाराला देवीने दृष्टांत दिला, समुद्रातून मूर्ती निघाल्या, महालक्ष्मीचे देऊळ झाले आणि मग बांध टिकला, अशी आख्यायिका आहे. दंतकथा का होईना, तिच्यातला व्यवहार मला आवडतो. समुद्राची जागा घ्यायची तर देवीला आधी जागा द्या. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शीवचा बांध होऊन मुंबई साष्टीला जोडली गेली. १८३८ मध्ये कुलाब्याचा रस्ता झाला, १८४५ मध्ये माहीम-वांद्र्याचा. या शेवटच्यासाठी जमशेटजी जीजीभाईंच्या पत्नी आवाबाई यांनी पदरचे दीड लाखांवर रुपये दिले. सरकार पैसे काढीना, म्हणून एका बाईने काढले. पुलासाठी सरकारने हात आखडता घेण्याची परंपरा ही अशी जुनी आहे. फरक इतकाच की प्रत्येक नदीकाठाला आवाबाई मिळत नाही.

साष्टी हीदेखील खरे पाहता बेटच आहे. उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची. १७३७ साली मराठ्यांनी ती पोर्तुगीजांकडून घेतली आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ती मराठ्यांकडून बळकावली. पण आज साष्टीला बेट म्हणणारा माणूस ठाण्याच्या पुलावरून रोज जा-ये करतो आणि आपण पाणी ओलांडले हे त्याच्या गावीही नसते. इतके पूल, इतके रूळ, इतक्या जलवाहिन्या आणि इतक्या तारा तिला देशाशी बांधून आहेत की नकाशावर तिचा आकार द्वीपकल्पाचा दिसतो आणि व्यवहारात तर ती द्वीपकल्पच आहे. आता द्वीपकल्पाची व्याख्या मी पोरांना अशी सांगत असे: तीन बाजूंना पाणी आणि चौथ्या बाजूला मान. मुंबईवरचे लेखक त्या तीन बाजूंवर पोट भरून लिहितात. मरीन ड्राइव्हवरची भरती, गेटवेपाशी नांगरलेली गलबते, जुहूचा सूर्यास्त. मानेबद्दल मात्र अवाक्षर काढीत नाहीत. आणि शरीरात अन्न, पाणी, वारा हे सारे मानेतूनच जाते.

या मानेतून काय काय जाते ते पाहू.

पहिले कापूस. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, हे शेंबडे पोरही सांगते. ती पुढे कशाच्या वासाने धावत सुटली, ते कमी सांगितले जाते. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस विलायतेला मिळेना, आणि मुंबईच्या कापूसबाजारात सोन्याचा पूर आला. बॅकबेच्या भरावाचे शेअर घेण्यासाठी माणसे वेडी झाली आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच तितक्याच वेगाने धुळीला मिळाली. पण कापूस पिकत होता कुठे? काळ्या मातीत, वऱ्हाडात आणि वर्धेच्या खोऱ्यात. आमच्या उंबरठ्यावरच्या हिंगणघाटचे नाव त्या काळी कापसाची एक जात म्हणून मुंबईपासून लिव्हरपूलपर्यंतच्या व्यापाऱ्यांच्या तोंडी होते. १८६७ साली रूळ नागपूरला पोचले. पुढे वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत फाटा काढला तो वरोऱ्याच्या कोळशासाठी. आमच्या भागात रेल्वे आली ती माणसे न्यायला आली नाही, माल न्यायला आली. माणसे नंतर डब्यात बसली.

दुसरे पाणी. विहार १८६०, तुळशी १८७९, तानसा १८९२, मग वैतरणा, मग भातसा. मुंबईच्या नळाला येणारे बहुतेक पाणी आज ठाणे आणि नाशिक जिल्ह्यांच्या डोंगरांतून येते. शहापूर तालुक्यात मुंबईची धरणे आहेत आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या बायाही आहेत. हा माझ्या जिल्ह्याचा प्रश्न नव्हे, म्हणून इथे थांबतो. शहापूरकरांनी तो स्वतः मांडावा.

तिसरे वीज, आणि इथे मला थोडे सविस्तर बोलले पाहिजे. चंद्रपूरच्या ऊर्जानगरात औष्णिक वीज केंद्र उभे आहे. गेल्या शतकाच्या नवव्या दशकात त्याचे संच सुरू होऊ लागले. जुने दोन संच बंद झाले, नवे आले, आणि आज त्याची क्षमता २९२० मेगावॉट धरली जाते. कोळसा इथला, दुर्गापूर-पद्मापूर-घुग्घुसच्या खाणींचा. पाणी इथले, इरई नदीचे. आणि धूर व राखही अर्थात इथलीच. गेल्या शतकाच्या अखेरीस चंद्रपूरपासून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत सुमारे ७५० किलोमीटर लांबीची उच्चदाबाची वाहिनी टाकण्यात आली. १५०० मेगावॉट वीज तीतून जाऊ शकते. एवढ्या लांबवर वीज नेताना गळती कमी व्हावी म्हणून ती चंद्रपूरला एकदिश प्रवाहात बदलतात आणि पडघ्याला पुन्हा उलटसुलट वाहणाऱ्या नेहमीच्या प्रवाहात आणतात. एकदिश प्रवाह! पारिभाषिक शब्द घडवणारांनी नकळत आमच्या सगळ्या संबंधाला नाव देऊन ठेवले आहे.

आता कोणी मुंबईकर अभियंता उठून म्हणेल की, “गुरुजी, आमच्या शहराला टाटांची वीज आहे. खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ चे, पुढे भिवपुरी, भिरा आणि मग ट्रॉम्बे.” बरोबर आहे. मुंबईतला प्रत्येक दिवा चंद्रपूरच्या कोळशावर लागतो, असे मी म्हटलेले नाही. पण भांडुप-मुलुंडला, ठाण्याला, कल्याणला दिवे कोण लावते? आणि १२ ऑक्टोबर २०२० रोजी पडघा-कळवा मार्गावर बिघाड झाला तेव्हा लोकलगाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या, महानगर तासन् तास काळोखात बसले, ते कशामुळे? त्या दिवशी पडघा हे नाव मुंबईने प्रथम ऐकले. मान आखडली म्हणजेच मान आहे हे कळते.

याची किंमत आम्ही काय देतो? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातल्या औद्योगिक क्षेत्रांची प्रदूषणाप्रमाणे मोजदाद केली, तेव्हा चंद्रपूर अगदी वरच्या रांगेत बसले. शाळेत कधी वरचा क्रमांक न आलेल्या आमच्या गावाचा तिथे आला. मे महिन्यात पारा ४७ अंशांच्या आसपास जातो. त्याच वेळी वाळत घातलेल्या धोतरावर काळी पूड बसते. आणि अशा उन्हात गावोगाव वीज जाते, हा विनोद दिवाळी अंकात खपेल, पण आमच्या घरात खपत नाही.

आता हिशेबनीस. मुंबई एवढा कर भरते, तेवढा कर भरते, ही आकडेवारी दरवर्षी फटाक्यांच्या माळेसारखी लावली जाते. कर भरणे आणि संपत्ती निर्माण करणे या दोन गोष्टी एक नव्हेत, एवढे तरी हिशेबनिसाला कळायला हवे. खाण माझ्या जिल्ह्यात, कारखाना माझ्या जिल्ह्यात, धूळ माझ्या पोराच्या छातीत, आणि कंपनीची कचेरी मुंबईत. कर जिथे कचेरी तिथे नोंदला जातो. मालगुजार नागपुरात राहत असेल आणि सारा तिथून भरत असेल, तर धान नागपुरात पिकला असे आपण म्हणतो काय? राजुरा-कोरपन्याची चुनखडी सिमेंट होऊन निघून जाते, एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडचे लोहखनिज ट्रकांच्या रांगा करून निघून जाते. ज्या सुरजागडावर ठाकूरदेवाची यात्रा भरते, त्याच डोंगराचे ते खनिज आहे. डोंगर जातो तो आमचा, आकडा वाढतो तो दुसऱ्याचा. आणि वर ‘आम्ही तुम्हाला पोसतो’ हे ऐकून घ्यायचे! रोज दूध देणाऱ्या गाईला ‘तुला आम्ही आंबोण घालतो हो’ म्हणून सुनावण्यातला हा प्रकार.

इतके बोलून झाल्यावर मी मूळ मुद्द्याकडे येतो. तो मुद्दा बेटाचा आहे. महाराष्ट्रात खरे बेट कुठे पाहायचे असेल, तर मुंबईला जाऊ नका, पावसाळ्यात भामरागडला जा. तिथे पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या एकत्र येतात. संगम मोठा देखणा आहे. इंद्रावती फुगली की पर्लकोटेला मागे रेटते, पर्लकोटा पुलावर चढते, बाजारपेठेत शिरते, आणि पलीकडची गावे जगापासून तुटतात. वर्षानुवर्षे, अगदी अलीकडच्या पावसाळ्यांपर्यंत, हे चालत आलेले आहे. तिकडे कोणी आजारी पडले तर खाटेची कावड करून चार माणसे नाल्याच्या काठापर्यंत आणतात आणि पाणी उतरण्याची वाट पाहत बसतात. बाळंतीण असली तर पाऊस सुरू होण्याआधीच तिला अलीकडे आणून ठेवावे, असे शहाणपण लोकांनी आपापल्या अनुभवाने मिळवलेले आहे. १९७३ साली बाबा आमट्यांनी हेमलकशाला काम सुरू केले, तेव्हा पावसाळ्याचे कित्येक महिने तिथे पोचताच येत नसे.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई एक दिवस खरोखरीच बेट झाली. माणसे दगावली, माणसे कमरेएवढ्या पाण्यातून रात्रभर चालली, अनोळखी दारे उघडली गेली. ते सारे मोठे होते आणि त्यावर लिहिले गेले ते योग्यच झाले. त्या तारखेचे आता विशेषनाम झाले आहे. ‘सव्वीस जुलै’ म्हटले की साल सांगावे लागत नाही. भामरागडच्या पुराला तारीख नाही. जे दरवर्षी होते त्याला नाव देत नाहीत, त्याला ऋतू म्हणतात.

जरा या दोन चित्रांना शेजारी शेजारी ठेवून पाहा. मुंबईची बेटे सांधण्याचे काम दोनशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे आणि ते अजून संपलेले नाही. २००९ साली वांद्रे-वरळी सागरी सेतू झाला. २०२४ च्या जानेवारीत शिवडीहून न्हावाशेवाकडे २१.८ किलोमीटरांचा अटल सेतू झाला. त्याच वर्षी मरीन ड्राइव्हपासून समुद्राच्या कडेने वरळीपर्यंतचा रस्ता खुला होऊ लागला. जिथे आधीच दहा वाटा होत्या तिथे अकरावी वाट झाली, वीस मिनिटे वाचली. छान झाले. आणि १९८२ साली, २६ ऑगस्टला, चांद्याच्या जुन्या जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, तेव्हा त्या जिल्ह्यात रेल्वेचे स्थानक एकच होते, वडसा, तेही पार उत्तरेच्या कोपऱ्यात. जिल्ह्याच्या गावाला रेल्वे नव्हती. वडसा ते गडचिरोली हे अंतर ५२ किलोमीटर. मार्ग मंजूर झाला आणि घोंगडे कित्येक वर्षे भिजत पडले. बोरीबंदर ते ठाणे ३४ किलोमीटर होते, आणि ते दीडशे वर्षांपूर्वी परक्या सरकारने केले होते!

लोकसंख्येचा युक्तिवाद मला ठाऊक आहे. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे मुंबई शहर जिल्ह्यात दर चौरस किलोमीटरला १९,६५२ माणसे, उपनगरात तर २०,९८०. गडचिरोलीत ७४. “जिथे माणसे तिथे पूल,” असे सचिवालयातला साहेब म्हणतो. मी गणित करून पाहिले. गडचिरोलीची १० लाख ७२ हजार ९४२ माणसे मुंबई शहराच्या दाटीने बसवली, तर ती ५५ चौरस किलोमीटरांत मावतील. बाकीचे चौदा हजार तीनशे चौरस किलोमीटर रिकामे होतील. पण मग साहेब, ते जंगल कोण राखील? महाराष्ट्रात जंगल किती टक्के आहे हे तुम्ही दिल्लीत सांगता तेव्हा आमचा जिल्हा पुढे करता. पूल मागायला आलो की त्याच जंगलाचा कायदा पुढे करता. जंगल राखणारी माणसे विरळच असणार. ती दाट झाली असती तर तिथे जंगल उरले नसते, परळ झाले असते.

तो साहेब ज्या मंत्रालयात बसतो ते मंत्रालय समुद्र हटवून केलेल्या जमिनीवर उभे आहे, ही गोष्ट मला नेहमी मौजेची वाटते. त्या बॅकबेच्या भरावात १९२० नंतर पैशाची जी उधळपट्टी झाली तिच्याविरुद्ध खुर्शेद नरिमन हे धाडसी वकील एकटे झुंजले. पुढे भरावाच्या एका टोकालाच त्यांचे नाव देण्यात आले. ज्याने चोर पकडला त्याचे नाव गल्लीला देऊन चोरी विसरायची, ही युक्ती नामी आहे. एवढ्या महाग मातीवर बसलेल्या माणसाला आमची फुकटची माती स्वस्त वाटावी, हे ओघानेच आले.

गावे कशी वाढतात आणि काय मोडतात, याचाही विचार करण्यासारखा आहे. मुंबईच्या कोटाला तट होता, तीन वेशी होत्या. १८६२ नंतर गव्हर्नर फ्रियरने तो तट पाडून टाकला, चर्चगेट हे नाव तेवढे मागे उरले. त्या मोकळ्या जागेवर उभ्या राहिलेल्या इमारतींना आणि त्यांच्यासमोर समुद्रातून काढलेल्या जमिनीवरच्या घरांना २०१८ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. चंद्रपूरचा गोंड राजांचा परकोट अजून उभा आहे. सुमारे ११ किलोमीटरांचा आहे. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा, अंचलेश्वर या वेशींतून आजही बैलबंडी जाते आणि स्कूटरही जाते. राणी हिराईने नवऱ्यासाठी बांधलेली बीरशहाची समाधी आजही पाहायला मिळते. परकोटावर झाडोरा माजला होता तो २०१७ पासून गावातल्या पोरांनी स्वतः कुऱ्हाडी-फावडी घेऊन काढला. जागतिक वारसा वगैरे आम्ही मागत नाही. ‘चंद्रपूरला पाहण्यासारखे काय आहे, वाघाव्यतिरिक्त?’ हा प्रश्न मात्र विचारू नका. ताडोबा १९५५ सालचे, राज्यातले पहिले राष्ट्रीय उद्यान. त्याच्या मोटारीतून वाघ पाहून मुंबईची मंडळी तृप्त मनाने परततात. त्याच वाघाच्या रानात पहाटे मोहफुले वेचायला वाकलेल्या बाईचे काय होते, ते दुसऱ्या दिवशीच्या नागपूरच्या पत्रात आतल्या पानावर येते.

आणि संस्कृती! मराठी रंगभूमी म्हणजे मुंबई-पुण्याची रंगभूमी, हे समीकरण इतके पक्के झाले आहे की त्याला बाजू द्यावी लागत नाही. हा अंक तुमच्या हाती आहे, त्याच दिवसांत आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होत असतो. वडसा, म्हणजे देसाईगंज, ही त्या नाटकमंडळ्यांची पेठ. भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरते, लेकी माहेरी येतात, जावई येतात, धान निघालेला असतो, आणि रात्री दहाला लागलेले नाटक कोंबडा आरवेपर्यंत चालते. तंबूत हजारो माणसे तिकीट काढून, कांबळी पांघरून बसतात. अनुदान नाही, समीक्षक नाही, वातानुकूलन तर देवानेच पुरवलेले. मुंबईचे नट आता तिथे पाहुणे म्हणून येतात आणि एवढे प्रेक्षक पाहून थक्क होतात. थक्क होऊन परत गेल्यावर तिकडे काय सांगतात कोण जाणे, कारण तिकडून प्रेक्षक येत नाही. नाटक सव्वादोन तासांत संपले पाहिजे, कारण शेवटची लोकल चुकते, हा मुंबईचा नियम आहे. तो नाट्यशास्त्राचा नियम म्हणून आम्हाला शिकवू नये.

आता दोन शब्द आमच्या बाजूच्या लोकांना. ‘मुंबई चोर आहे, तिच्याशी नाते तोडा’ असे ओरडणारी मंडळी आमच्याकडेही आहेत. १९५५ साली राज्य पुनर्रचना आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती, ती उगाळणारे आहेत. तो वाद मोठा आहे आणि मी त्याचा निकाल दिवाळीच्या फराळाबरोबर लावणार नाही. पण राजधानी नागपूरला होती, तेव्हा सिरोंच्याचा माणूस आपली फिर्याद घेऊन तिथे सुखाने पोचत होता, अशी काही आठवण आमच्या वाडवडिलांनी सांगितलेली नाही. सिरोंचाला हैदराबाद जवळ, नागपूर लांब, आणि मुंबई तर स्वप्नात. आमचा गरीब माणूस पोट भरायला मुंबईला जातच नाही. कोकणातला गेला, घाटावरचा गेला, आमचा मजूर मिरच्या तोडायला तेलंगणात जातो. म्हणून तर मुंबईच्या साहित्यात तो नाही. चाळीत ज्याची खोली नाही, त्याची गोष्टही नाही.

आणि मुंबई म्हणजे कोण? १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाख कामगारांचे गिरणगाव मोडत गेले. आमचा जिल्हा जन्मला त्याच वर्षी. गिरण्यांच्या जागी मनोरे आले. त्या मनोऱ्यांत गिरणीवाल्याचे पोर राहत नाही. वरळीचा कोळी तर या नगरीचा मूळ मालक. समुद्रातल्या नव्या रस्त्याच्या खांबांमधून त्याच्या होड्या जाव्यात म्हणून त्याला सरकारशी झगडावे लागले. तो १६० मीटर अंतर मागत होता, आराखड्यात ६० होते, शेवटी १२० वर तडजोड झाली. त्या कोळ्याची आणि वैनगंगेवरच्या आमच्या ढिवराची गाठ पडली, तर त्यांना एकमेकांची भाषा समजायला दुभाषा लागणार नाही. एकाला समुद्रातून हटवले, दुसऱ्याला धरणाने. माझा वाद त्या कोळ्याशी नाही, गिरणीवाल्याशी नाही, लोकलच्या दारात लोंबकळणाऱ्या कारकुनाशी तर मुळीच नाही. तोही माझ्यासारखाच मानेच्या बाजूचा आहे.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंडांच्या गावाने हे आमच्या सगळ्या विद्वानांपेक्षा आधी आणि थोडक्यात ओळखले. दिल्ली-मुंबईत आमचे सरकार आहे, आमच्या गावात आम्हीच सरकार आहो, असे त्यांनी म्हटले. बारकाईने ऐका. ‘मुंबईचे सरकार आमचे नाही’ असे ते म्हणाले नाहीत. तेही आमचे आणि हेही आमचे, असे म्हणाले. देवाजी तोफा आणि त्यांच्या गावकऱ्यांनी एकमताने निर्णय घेण्याची रीत बसवली, वर्षानुवर्षे अभ्यासगट चालवले, आणि २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क कायद्याने मिळवला. २०११ साली आपला बांबू आपल्या वाहतूक-परवान्यावर विकला. याच जिल्ह्यातला बांबू वर्षानुवर्षे कागदाच्या लगद्यासाठी मातीमोलाने जात होता आणि बुरुडाला टोपलीपुरता मिळायला मारामार होती. त्या बांबूच्या कागदावर किती दिवाळी अंक छापले गेले असतील आणि त्यांत मुंबईवरचे किती लेख असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

माझे मागणे फार नाही. मुंबईवरचे लेख बंद करा, असे मी म्हणत नाही. मला ते हवे आहेत. पण मुंबईचा भूगोल लिहाल तेव्हा तो भायखळ्याला किंवा मुलुंडच्या नाक्यावर संपवू नका, पडघ्यावरून तारेच्या मागे मागे चालत इरईच्या काठापर्यंत या. पुढच्या सेतूची निविदा निघेल तेव्हा तिच्या शेजारी इंद्रावतीच्या पलीकडच्या गावांची यादी ठेवा आणि दोन्ही कागद एकाच टाचणीला टोचा. आणि संपादकमहाशयांना एक विनंती. येत्या जुलै-ऑगस्टात आपला एक मुंबईकर लेखक आमच्याकडे पाठवा. रेल्वेने बल्लारशापर्यंत यावे, तिथून मोटारीने आलापल्ली, हेमलकसा, भामरागड. उतरण्याची सोय मी करीन. बरोबर दोन जोडी कपडे, एक विजेरी आणि लिहायचे कागद भरपूर आणावेत. परतीची तारीख मात्र आधी ठरवू नये, ती पर्लकोटा ठरवते.